चांगला शब्द वाचून तोल सावरतो का?

मोबाइलवर चांगला शब्द वाचला की शरीराचा तोल सावरतो, असं सांगत शिबिरांमध्ये, व्याख्यानांमध्ये एक प्रयोग हमखास करून दाखवतात. प्रेक्षकांतून एकाला पुढं बोलावतात. पाय जुळवून उभं राहायचं, उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरायचा, डाव्या हातात मोबाइल. मोबाइलच्या पडद्यावर आधी ‘द्वेष’ किंवा ‘अपयश’ असा शब्द येतो. प्रयोग करणारा पसरलेल्या हाताच्या मनगटावर दाबतो आणि माणूस लगेच कलंडतो. मग पडद्यावर ‘प्रेम’ येतं, पुन्हा तसाच दाब दिला जातो, आणि या वेळी माणूस जागचा हलत नाही. टाळ्या पडतात. पुढं आलेला माणूसही मनापासून चकित झालेला असतो, कारण फरक त्याला स्वतःच्या अंगात जाणवलेला असतो.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळं दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. न्हाणीघरातली ओली फरशी, रात्री लघवीला उठताना न दिसलेला उंबरठा, आणि त्यानंतर मोडलेला खुबा, हे कित्येक घरांनी पाहिलेलं आहे. फोनवरच्या फुकटच्या एका शब्दानं यात जरासा जरी फरक पडणार असेल, तर तो शब्द घरोघरी पोचायला हवा. आणि पडणार नसेल, तर त्या शब्दाच्या भरवशावर कुणी व्यायाम आणि कठडा टाळू नये. माझं मत असं, की शब्द तोलापर्यंत पोचू शकतो, पण आडवाटेनं. लक्ष आणि भीती या दोन दारांमधून. व्यासपीठावर जे दिसतं ते मात्र बहुतेक वेळा शब्दाचं काम नसतं.

आधी तो मनगटावरचा दाब पाहू. ६० किलो वजनाचा माणूस पाय जुळवून उभा आहे. दोन्ही पावलांची मिळून रुंदी साधारण २० सेंटिमीटर, म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेपासून पावलाची बाहेरची कड १० सेंटिमीटरवर. बाजूला कलंडायचं तर शरीराला या कडेवरून फिरावं लागतं. त्याला वजनाचा विरोध किती, तर ६० गुणिले १०, म्हणजे ६०० किलो-सेंटिमीटर. मनगट मधल्या रेषेपासून ७० सेंटिमीटर लांब आणि जमिनीपासून १४० सेंटिमीटर उंच आहे असं धरू. अगदी सरळ खाली दाबलं, तर दाबाची रेषा कडेपासून ६० सेंटिमीटरवर राहते आणि १० किलोचा भार पडला की माणूस कलायला लागतो. आता तोच दाब फक्त १० अंश बाहेर, शरीरापासून लांबच्या दिशेनं, तिरपा करा. सात किलोंच्या थोड्या वर काम होतं. १० अंश आत, पायांच्या दिशेनं, तिरपा करा. आता १७ किलो लागतात. आणि सुमारे २३ अंश आत वळवला, तर दाबाची रेषा थेट पावलाच्या कडेतूनच जाते. मग कितीही जोर लावला तरी खांदा दुखेल, माणूस कलंडणार नाही.

सात आणि सतरा यांच्यामध्ये नुसता हाताचा कल आहे. सभागृहात पाचव्या रांगेत बसलेल्याला तो दिसत नाही. ज्याच्या मनगटावर दाब पडतो त्यालाही तो सहजी कळत नाही. दाबाची जागा चार बोटं कोपराकडं सरकली तरीही थोडा फरक पडतो. प्रयोग करणारा लबाडीच करतो असं मी म्हणणार नाही. ‘आता हा पडणार नाही’ अशी त्याची खात्री असली, की त्याचा स्वतःचा हात आपोआप तसा वळतो, आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. वाईट शब्द नेहमी आधी, चांगला शब्द नंतर. पहिल्या वेळी दाब कुठून, किती आणि कधी येणार हे माणसाला ठाऊक नसतं. दुसऱ्या वेळी ठाऊक असतं. दाब येण्याच्या आधीच त्याच्या खुब्याचे आणि कमरेचे स्नायू घट्ट झालेले असतात, वजन किंचित दुसऱ्या पायावर गेलेलं असतं. क्रम उलटा करून, ‘प्रेम’ आधी आणि ‘द्वेष’ नंतर दाखवून, हा प्रयोग करायला सांगून पाहावं. तेवढ्यानंच बरंच काही उघड होतं.

हाताचा जोर पाहून शरीराकडून उत्तरं मिळवण्याची ही रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे कायरोप्रॅक्टर (मणके हातानं दाबून उपचार करणारे) जॉर्ज गुडहार्ट यांनी १९६४ मध्ये स्नायूंच्या चाचणीची अशी पद्धत मांडली, आणि तिथून ती वेगवेगळ्या रूपांत जगभर गेली. तिचं सगळ्यांत गाजलेलं रूप म्हणजे ‘पॉवर बॅलन्स’ नावाचं रबरी कडं. त्यात चकाकणारी होलोग्रामची चकती असायची आणि ते मनगटात घातलं की तोल आणि ताकद वाढते असा दावा असायचा. नामांकित खेळाडूंच्या हातात ते दिसायचं. विक्रेते दुकानातच एका पायावर उभं करून, आधी कड्याशिवाय आणि मग कड्यासह, हात दाबून दाखवायचे. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहकहक्क आयोगानं हात घातल्यावर, २०१० च्या अखेरीस, आपल्या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही अशी कबुली तिथल्या कंपनीला द्यावी लागली आणि पैसे परत करण्याची तयारीही दाखवावी लागली. कड्याच्या जागी फोन आणि होलोग्रामच्या जागी शब्द ठेवला, तरी दाबाचं गणित बदलत नाही.

मग कुणी हात न लावता, नुसतं उभं असताना, शब्दाचा काही परिणाम होतो का? इथं विषय खरा रंगतो, कारण उभं राहणं हेच मुळात अवघड काम आहे.

आपला गुरुत्वमध्य ओटीपोटात, त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाच्या) वरच्या भागाच्या पातळीवर, जमिनीपासून मीटरभर उंचीवर असतो, आणि त्याच्याखाली आधार असतो तो दोन पावलांपुरता. तळहातावर काठी उभी धरावी तसा हा प्रकार आहे; काठी कधीच स्थिर नसते, हात तिच्या मागं सतत फिरत असतो. निरोगी माणूस शांत उभा असतानाही काही मिलिमीटर मागंपुढं आणि डावीउजवीकडं झुलतच असतो. गुरुत्वमध्याची रेषा घोट्याच्या थोडी पुढून जाते, म्हणून शरीराचा कल पुढं पडण्याकडं असतो आणि पोटरीचे स्नायू त्याला क्षणाक्षणाला मागं ओढून धरतात. धक्का लहान असेल तर घोट्यातूनच काम भागतं. मोठा असेल तर कमरेतून वाकावं लागतं, आणि त्याहून मोठा असेल तर पाऊल टाकावं लागतं.

किती ओढायचं ही खबर तीन ठिकाणांहून येते: डोळे, अंतर्कर्ण, आणि तळवे-घोटे-स्नायूंमधली जाण. अंतर्कर्णात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोक्याचं वळणं टिपतात, आणि शेजारचे दोन कोश सरळ रेषेतली हालचाल आणि डोक्याचा कल टिपतात. यांतली एखादी वाट बंद पडली की उरलेल्या दोन तिचा भार उचलतात. बर्लिनचे डॉक्टर मोरित्झ रोमबर्ग यांनी १८४० च्या दशकात हेच हेरलं. मज्जारज्जूच्या विशिष्ट आजारात पायांची जाण गेलेली माणसं डोळे उघडे असेपर्यंत उभी राहतात, आणि डोळे मिटले की डोलायला, पडायला लागतात. तोंड धुताना डोळे मिटले की झोक जाणं ही अशा रुग्णांची नेहमीची तक्रार. ही चाचणी आजही प्रत्येक मेंदूविकारतज्ज्ञ करतो. आपल्याकडं शाकाहारी घरांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता बरीच आढळते. ती दीर्घकाळ राहिली तर पायांची हीच जाण मंदावते. मधुमेहातही तळव्यांचं तसंच होतं. अशा माणसाला फोनवर कोणता शब्द दाखवला यापेक्षा खोलीत दिवा आहे की नाही, हे शंभर पटींनी महत्त्वाचं.

आता हातातला फोन. शब्द दूर राहिला, फोन हातात धरण्यानंच उभं राहणं बदलतं. २०० ग्रॅमचा फोन ३५ सेंटिमीटर पुढं धरला तर ६० किलोंच्या माणसाचा गुरुत्वमध्य जेमतेम एक मिलिमीटर पुढं जातो, ते नगण्य. पण फोन पाहायला डोकं झुकतं, आणि डोकं चांगलं साडेचार-पाच किलोंचं असतं. ते सहा सेंटिमीटर पुढं गेलं तर गुरुत्वमध्य अर्धा सेंटिमीटर सरकतो. उचललेल्या हाताचं वजन त्यात आणखी भर घालतं. शिवाय डोकं झुकलं की अंतर्कर्णातले कोशही झुकतात. म्हणून ‘फोनशिवाय उभं राहणं’ आणि ‘फोनवर चांगला शब्द पाहत उभं राहणं’ यांची तुलना केली तर शब्दाचा परिणाम मोजलाच जात नाही. मोजली जाते ती मान.

नजरेचं गणित याहून मजेदार आहे. डोळ्यांपासून ५० सेंटिमीटरवर भिंतीला खूण आहे आणि आपण ५ मिलिमीटर बाजूला झुललो, तर ती खूण डोळ्याला अर्ध्या अंशाहून थोडी जास्त सरकलेली दिसते. तीच खूण ३ मीटरवर असेल तर सरकणं त्याच्या एक षष्ठांश. म्हणून जवळच्या स्थिर खुणेवर नजर ठेवली की झुलणं कमी होतं, कारण डोळ्याला आपली चूक लवकर कळते. वृक्षासनात नजर एका बिंदूवर ठेवायला सांगतात त्यामागंही हेच आहे. पण हातातला फोन स्थिर कुठं असतो? आपण झुललो की तोही आपल्याबरोबर झुलतो. जवळ असूनही तो नजरेला खबर देत नाही, उलट भिंतीकडून येणारी खबर झाकून टाकतो. म्हणून फोनवर काहीही वाचत उभं राहणं, मजकूर कितीही मंगल असला तरी, वयस्कर माणसासाठी भिंतीवरच्या खिळ्याकडं पाहत उभं राहण्यापेक्षा अवघड असतं.

वाचणं हेही कामच आहे. स्वीडनमधल्या उमिओ इथं लिलेमोर लुंडिन-ओलसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक साधं निरीक्षण प्रसिद्ध केलं. वृद्धांच्या निवासात ५८ जणांबरोबर चालताना त्यांनी गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. ज्याला तोलासाठी लक्ष खर्च करावं लागतं त्याच्याकडं बोलण्यासाठी, वाचण्यासाठी लक्ष उरत नाही. तरुण माणसात याच्या उलटही दिसतं: समोरच्या स्थिर मजकुरात एखादं अक्षर शोधायला सांगितलं तर झुलणं कमी होतं, कारण नजर नेमकी ठेवायला शरीर स्वतःहून स्थिरावतं. तेव्हा शब्द दाखवून झुलणं कमी झालं, तरी ते ‘आनंद’ या अर्थामुळं झालं की नुसतं वाचल्यामुळं, हे वेगळं काढावंच लागतं.

भावनेचा परिणाम होतो का, याचं उत्तर होय असं आहे, पण ते अपेक्षेपेक्षा वेगळं आहे. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये लोकांना छिन्नविच्छिन्न शरीरांची छायाचित्रं दाखवून त्यांचं झुलणं मोजलं. ते वाढलं नाही, कमी झालं, आणि हृदयाचे ठोकेही मंदावले. धोका दिसला की हरीण जागच्या जागी थिजतं, त्याच जातीची ही प्रतिक्रिया. उंच मंचाच्या कडेवर उभं केलेली माणसंही कमी झुलतात, पण जलद आणि ताठरपणे. म्हणजे कमी झुलणं म्हणजे चांगला तोल, हे समीकरणच कच्चं आहे. ‘द्वेष’ वाचून माणूस कमी झुलला, तर त्या शब्दाला तोल सुधारल्याचं श्रेय द्यायचं का? या विषयावरच्या उत्साही लिखाणात हा मुद्दा सहसा सुटतो, आणि तो सुटला की मोजमाप कितीही नेटकं असलं तरी निष्कर्ष हवा तसा वळवता येतो.

नुसत्या शब्दांचंही काम झालेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये विद्यार्थ्यांना विस्कटलेली वाक्यं जुळवायला दिली. काहींच्या वाक्यांत म्हातारपणाशी जोडलेले शब्द होते, आणि ते विद्यार्थी नंतर व्हरांड्यातून हळू चालले, असं त्यांनी मांडलं. २०१२ मध्ये ब्रुसेल्समध्ये स्तेफान दुआयाँ आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग जास्त माणसांवर केला आणि वेळ मोजायला अवरक्त किरणांची यंत्रणा लावली. परिणाम दिसला नाही. मग त्यांनी प्रयोग घेणाऱ्यांनाच सांगून ठेवलं, की अमुक माणसं हळू चालतील. तेव्हा परिणाम दिसला. व्यासपीठावरच्या मनगटाच्या प्रयोगाला याहून नेमका आरसा सापडणार नाही.

तरी दार पूर्ण बंद करू नये. जेफ्री हाउसडॉर्फ आणि बेका लेव्ही यांनी १९९९ मध्ये ६३ ते ८२ वयाच्या ४७ जणांना अर्धा तास संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर वार्धक्याविषयीचे शब्द इतक्या झटकन येऊन जात, की जाणीवपूर्वक वाचता येऊ नयेत. ज्यांना शहाणपणासारखे चांगले शब्द दाखवले ते नंतर सुमारे ९ टक्के जास्त वेगानं चालले. माणसं थोडी होती, आणि हे चालणं होतं, उभं राहणं नव्हे. पण मला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. ते शब्द ‘प्रेम’, ‘शांती’ असे सर्वसाधारण मंगल शब्द नव्हते. ‘आता माझं वय झालं, मी पडणारच’ या मनात घर करून बसलेल्या समजुतीला ते नेमके भिडणारे होते. उलट, स्वतःविषयीचं कोणतंही गोड वाक्य घोकणं सगळ्यांनाच मानवत नाही. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड यांच्या २००९ च्या अभ्यासात, ज्यांचा स्वतःवरचा विश्वास मुळातच कमी होता, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य म्हणून अधिकच वाईट वाटलं.

ज्याला स्वतः तपासायचं आहे त्याला हे घरी करता येतं, आणि करावंही. दोन फोन लागतात: एक शब्द दाखवायला, एक मोजायला. मोजण्यासाठी जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठानं बनवलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप पुरतं. ते फोनमधल्या त्वरणमापकाचे, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या भागाचे, आकडे नोंदवतं आणि तक्त्याच्या रूपात बाहेर काढून देतं. हा फोन कमरेच्या मागं, पट्ट्याच्या रेषेत मणक्यावर, रुंद इलॅस्टिक पट्ट्यानं घट्ट बांधायचा. खिशात ठेवला तर तो कापडाबरोबर हलतो आणि सगळे आकडे वाया जातात. मीटरभर उंचीवर ५ मिलिमीटरचं झुलणं म्हणजे नुसत्या कलामुळं सेकंद-वर्गाला सुमारे ०.०५ मीटर एवढा फरक. फोनला तो टिपता येतो, पण स्वतःच्या गोंगाटाच्या, म्हणजे फोन स्थिर असतानाही आकड्यांत होणाऱ्या चढउताराच्या, फार वर नव्हे. श्वासही त्यात दिसतो. म्हणून हात अंगालगत खाली सोडलेले, तोंड बंद, बोलणं नाही, आणि जेवणानंतर लगेच नाही.

शब्दाचा फोन हातात द्यायचा नाही. तो डोळ्यांच्या उंचीवर, एक मीटरवर, तिपाईवर बसवायचा. पडद्याचा उजेड, पार्श्वभूमीचा रंग आणि अक्षराचा आकार प्रत्येक शब्दाला तोच. लाल पाटीवर ‘राग’ आणि हिरव्यावर ‘शांती’ असं केलं की रंगही मोजला जातो. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पावलांभोवती पेन्सिलीनं रेघ ओढून घ्यायची, म्हणजे प्रत्येक वेळी पाय त्याच जागी पडतात. अनवाणी. दोन्ही पायांवर, पाय जुळवून उभं राहणं निरोगी माणसाला इतकं सोपं असतं, की कसलाच फरक दिसत नाही. एका पायावर उभं राहणं काहींना इतकं अवघड असतं, की नुसती धडपड मोजली जाते. टाच आणि अंगठा एका रेषेत ठेवून, एकामागं एक पाऊल, ही मधली स्थिती मला सगळ्यांत उपयोगी वाटते. शेजारी भिंत किंवा जड खुर्ची हवी, पण बोट टेकवायचं नाही. बोट टेकवण्याचं सामर्थ्य मोठं आहे: जेका आणि लॅकनर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की एका बोटाचा १ न्यूटनपेक्षा कमी, म्हणजे १०० ग्रॅम वजनाहूनही हलका स्पर्श स्थिर वस्तूला केला तरी झुलणं स्पष्ट घटतं. त्या स्पर्शात आधार म्हणावा असा काहीच नसतो, असते ती फक्त खबर.

शब्दांचे चार गट करावेत. चांगले: आनंद, विजय, माया. वाईट: विनाश, मरण, घृणा. उदासीन: चमचा, कपाट, पिशवी. आणि अर्थहीन: ‘तरगू’, ‘मडुप’ अशी अक्षरं. अक्षरसंख्या, जोडाक्षरं आणि रोजच्या वापरातली ओळख जमेल तितकी सारखी ठेवावी. ‘यश’ आणि ‘अपयश’ अशी जोडी घेऊ नये; दुसरा शब्द दुप्पट लांब आहे आणि त्याच्या पोटात पहिला बसलेला आहे. उदासीन आणि अर्थहीन गट नसतील, तर चांगल्या-वाईटातला फरक वाचण्यामुळं आहे की अर्थामुळं, हे कधीच कळणार नाही.

प्रत्येक फेरी ४० सेकंदांची, त्यातले पहिले १० सोडून द्यायचे, कारण उभं राहिल्यावर स्थिरावायला वेळ लागतो. प्रत्येक गटाच्या निदान पाच फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये मिनिटभर बसणं. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. त्याआधी तीन-चार फेऱ्या नुसत्या सरावाच्या, मोजणीत न धरता. सराव वगळला तर पहिल्या गटावर नेहमी अन्याय होतो. शब्द बदलणारा वेगळा आणि आकडे काढणारा वेगळा असावा, आणि आकडे काढणाऱ्याला कोणती फेरी कोणत्या शब्दाची हे शेवटपर्यंत कळू नये. उभ्या माणसापासून शब्द लपवता येत नाही, म्हणून त्याच्यापासून हेतू लपवायचा. ‘वाचनाचा आणि उभं राहण्याचा संबंध पाहतोय’ एवढंच सांगायचं. सगळं झाल्यावर मात्र त्याला विचारायचं, कशासाठी होतं असं वाटलं? ज्यानं ओळखलं त्याचे आकडे वेगळे ठेवायचे.

हे सगळं करून एका घरातल्या चार-सहा माणसांवर काय दिसतं? एकाच माणसाच्या, एकाच शब्दाच्या पाच फेऱ्याच एकमेकींशी जुळत नाहीत. त्या हेलकाव्यात ‘आनंद’ आणि ‘चमचा’ यांच्यातला फरक शोधणं कठीण जातं, आणि सापडलाच तर दुसऱ्या दिवशी उलटा सापडण्याची शक्यता बरीच असते. यात हताश होण्यासारखं काही नाही. परिणाम असलाच तर तो किती लहान असणार, याचा हाच अंदाज आहे. बोटाच्या स्पर्शाचा, डोळे मिटण्याचा किंवा पायाखाली मऊ उशी ठेवण्याचा परिणाम दोन-तीन फेऱ्यांत ठळक दिसतो. मोजमाप नीट चालू आहे ना, हे ताडून पाहायला आधी तेच करून घ्यावं.

आणि शब्द वाचला न वाचला तरी त्याच्या ‘लहरी’ शरीराला स्थिर करतात, असा दावा असेल तर तपासणी याहून सोपी आहे. फोन कापडी पिशवीत घालायचा. नाणं उडवून आत चांगला किंवा वाईट शब्द लावायचा, तोही तिसऱ्यानं, दुसऱ्या खोलीत. मग हात दाबणाऱ्यानं फक्त हात दाबून शब्द ओळखायचा. २० वेळा. नुसत्या नशिबानं १० बरोबर येतील. १५ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोन. ज्यांची या शक्तीवर श्रद्धा आहे त्यांनीच ही तपासणी आनंदानं करावी, असं मला अगदी मनापासून वाटतं. त्यात कुणाचा अपमान नाही आणि खर्चही नाही.

मग तोलासाठी शब्दांचा काहीच उपयोग नाही? आहे, आणि तो रोज वापरता येण्यासारखा आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी डगमगत्या फळीवर उभं राहायला शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. ‘पाय सपाट ठेवा’ असं सांगितलेल्यांपेक्षा ‘फळीवरच्या खुणा सपाट ठेवा’ असं सांगितलेले जास्त चांगलं शिकले. लक्ष शरीराच्या आत खेचलं की आपोआप चालणाऱ्या कामात आपण ढवळाढवळ करतो, आणि लक्ष बाहेरच्या वस्तूवर ठेवलं की ते काम मोकळेपणानं होतं. म्हणून आजोबांना ‘सांभाळा, पडाल’ म्हणण्याऐवजी ‘दाराच्या चौकटीकडं बघा, कठड्याला हात लावा’ म्हणावं. पहिल्या वाक्यात भीती आहे, आणि भीतीनं शरीर ताठरतं, पावलं आखूड पडतात. दुसऱ्यात काय करायचं ते आहे. फोनवरच काही लावायचं तर ‘मी स्थिर आहे’ यापेक्षा सरावाचं वेळापत्रक लावावं, आणि उभं राहिल्यावर फोन बाजूला ठेवून द्यावा.

सराव असा. स्वयंपाकघरातल्या ओट्याला पाठ न लावता, तोंड ओट्याकडं करून उभं राहावं, हात ओट्याच्या वर पण न टेकता, मागं खुर्ची. आधी पाय जुळवून १० सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढं, १० सेकंद. मग टाचेला अंगठा लावून एका रेषेत, १० सेकंद. मग एका पायावर, १० सेकंद. नजर समोरच्या भिंतीवरच्या फरशीच्या एका सांध्यावर. एक टप्पा सहज जमल्याशिवाय पुढचा नाही. टाचेला अंगठा लावून १० सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात, आणि तेव्हा तपासणी करून घ्यावी: ब-१२, साखर, डोळ्यांचा नंबर, कान, पायांची जाण, आणि झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा. रक्तदाब एकदा बसून आणि एकदा उभं राहिल्यावर असा दोनदा मोजायला डॉक्टरांना आठवणीनं सांगावं. उठल्याबरोबर तो फार उतरत असेल, तर पहाटे पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून दोन मिनिटं बसावं, घोटे वर-खाली हलवावेत, आणि मगच उभं राहावं.